परदेशातून आणलेली विजेची हत्यारं: पाटी वाचण्यापासून पहिला खटका दाबेपर्यंत

नातेवाइकाने येताना आणलेला राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं हत्यार, मी अडॅप्टर लावून थेट २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडला. लाकडाला लावला नव्हता, नुसता चालू करून बघत होतो. राउटरचा आवाज एरवी चढतो आणि एका पट्टीवर येऊन थांबतो. हा थांबेचना. मागच्या जाळीतून आत पाहिलं, तर कार्बन ब्रशपाशी ज्या बारीक निळ्या ठिणग्या दिसायला हव्यात, त्यांच्या जागी कम्युटेटरभोवती, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या नळ्याभोवती, अख्खं पेटतं कडं फिरत होतं. खटका बंद करेपर्यंत वाइंडिंगच्या व्हार्निशचा वास खोलीभर झाला होता. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा. बाजूच्या पाटीवर १२० व्होल्ट असं ठसठशीत लिहिलेलं होतं. मी फक्त प्लगच्या पिना बघितल्या होत्या.

अडॅप्टर पिनांचा आकार जुळवतो, बाकी काहीही करत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, पण सेकंदाला विजेची किती आवर्तनं होतात तो आकडा, म्हणजे हर्ट्‌झ बदलत नाही, आणि अर्थिंगची हमी तर मुळीच देत नाही. व्होल्ट, हर्ट्‌झ आणि अर्थिंग या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. बहुतेक हत्यारं जळतात ती तीनपैकी एकच तपासली म्हणून.

आधी, कुठे काय चालतं

युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि आशिया-आफ्रिकेचा बराच भाग २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर चालतो. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. मेक्सिकोत १२७, तैवानमध्ये ११०, दोन्हीकडे ६० हर्ट्‌झ. ब्राझीलमध्ये हर्ट्‌झ ६०च, पण व्होल्टेज काही भागात १२७ आणि काही भागात २२०.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. व्होल्टेज १००, आणि देशाच्या पूर्व भागात ५० हर्ट्‌झ तर पश्चिमेला ६०. १८९०च्या दशकात तोक्योने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, तेव्हापासून ही फाळणी टिकून आहे. जपानी हत्यारांच्या पाटीवर पुष्कळदा ‘५०/६०’ दिसतं ते यामुळे, आणि आपल्या दृष्टीने ते सोयीचंच आहे.

सगळ्यात फसवा गट दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्सचा. तिथे २२० व्होल्ट, पण ६० हर्ट्‌झ. व्होल्टेज जुळतं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि मोटर मात्र हळूहळू भाजत राहते.

पायरी १: पाटी वाचा, आणि चिन्हांसकट वाचा

व्होल्टच्या आकड्यात दोन संख्यांमध्ये आडवी रेघ आहे की तिरकी, हे आधी बघा. ‘१००-२४०’ म्हणजे यंत्र या पट्ट्यात कुठेही स्वतःच जुळवून घेतं. ‘१२०/२४०’ म्हणजे दोनपैकी एक निवडावं लागतं, एखादा खटका सरकवून किंवा मोटरच्या डब्यातल्या पट्ट्या बदलून. ती निवड आधी कोणी आणि कोणती केली आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग हर्ट्‌झ. ‘५०/६०’ असेल तर उत्तम. नुसतं ‘६०’ असेल तर पुढची पायरी दोनदा वाचा. काही ड्रिल-ग्राइंडरवर ‘२५-६० हर्ट्‌झ’ किंवा ‘एसी/डीसी’ असं असतं. त्याचा अर्थ आत ब्रशची मोटर आहे आणि तिला हर्ट्‌झशी काही घेणंदेणं नाही.

चौकोनात चौकोन असं चिन्ह म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्या हत्याराला अर्थ लागत नाही. ते चिन्ह नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर अर्थिंग हवंच. अँपिअर किंवा वॅटचा आकडा लिहून ठेवा, ट्रान्सफॉर्मर घेताना लागेल. पाटी खरवडली गेली असेल, आकडा वाचता येत नसेल, तर अंदाजाने जोडू नका. मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. तेही सापडलं नाही, तर ते हत्यार शोभेला ठेवा.

पायरी २: आत काय आहे ते ओळखा

*तापणारी हत्यारं.* हीट गन, सोल्डरिंग आयर्न, ग्लू गन. यांना हर्ट्‌झचं काहीच पडलेलं नसतं, पण व्होल्टेज वाढलं की वॅट वर्गाने वाढतात, म्हणजे व्होल्टेज दुप्पट तर वॅट चौपट. १२० व्होल्टचं ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न २३० वर लावलं की क्षणभर तरी २२० वॅट खेचतं. १५०० वॅटची हीट गन साडेपाच हजारांवर जाते. इथेच लोक म्हणतात, ‘१०० आणि १२० मध्ये काय मोठा फरक?’ जपानी १०० व्होल्टची वस्तू १२० वर लावली तर उष्णता ४४ टक्के वाढते. चार वेळा चालेल, पाचव्यांदा एलिमेंट तुटेल. उलट दिशेने, २३० ची हीट गन १२० वर लावली तर जेमतेम पाव ताकद मिळते. धोका नाही, कामही नाही.

*ब्रशची मोटर, म्हणजे युनिव्हर्सल मोटर.* हँड ड्रिल, अँगल ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, राउटर, जिगसॉ यांत ही असते. ओळख सोपी आहे: कार्बन ब्रशची दोन गोल झाकणं बाहेर दिसतात, आणि चालू झाली की कर्कश ओरडते. हिला ५० काय आणि ६० काय, सारखंच. व्होल्टेज योग्य द्या, ती खूश. पण व्होल्टेज जास्त दिलं तर ती नुसती जळत नाही, आधी भन्नाट पळते, आणि खरी भीती तिथे आहे. १२५ मिलिमीटरच्या ग्राइंडर डिस्कवर सहसा ८० मीटर प्रति सेकंद ही कडेची कमाल गती छापलेली असते, म्हणजे मिनिटाला सुमारे १२,२०० फेरे. ग्राइंडर पाटीवर ११,००० च्या आसपास लिहिलेला असतो. मधली जागा एवढीशीच. त्यापुढे डिस्क फुटली तर तुकडे कुठल्या दिशेला जातील हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या राउटरला त्या दिवशी बिट, म्हणजे कापणारं टोक, लावलेला नव्हता, हे नशीब.

*इंडक्शन मोटर.* बेंच ग्राइंडर, खांबावरचं ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर, जड टेबल सॉ, लेथ. ब्रश नाहीत, आवाज घुमणारा, बहुधा पाठीवर कपॅसिटरचा उंचवटा. हिचा वेग हर्ट्‌झला बांधलेला असतो. चार पोलची (चार चुंबकी ध्रुवांची) मोटर ६० हर्ट्‌झवर १८०० च्या किंचित खाली फिरते, ५० वर १५०० च्या किंचित खाली. ट्रान्सफॉर्मर कितीही महागाचा आणा, हा वेग बदलणार नाही.

आणि वेग ही यातली लहान अडचण आहे. ६० हर्ट्‌झची मोटर ५० हर्ट्‌झवर लावली की तिच्या पत्र्यांमधलं चुंबकत्व २० टक्के वाढतं, पत्रे भरून जातात (आणखी चुंबकत्व पेलवत नाही), करंट वाढतो आणि मोटर काम नसतानाही तापते. यावरचा जुना, खात्रीचा तोडगा असा: हर्ट्‌झ ज्या प्रमाणात कमी, त्याच प्रमाणात व्होल्टही कमी करायचे. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची मोटर ५० हर्ट्‌झवर १०० व्होल्टने चालवायची. २३० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची असेल तर १९२ च्या आसपास. म्हणजे अमेरिकन ड्रिल प्रेससाठी ५० हर्ट्‌झच्या देशात जपानी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जास्त योग्य ठरतो. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण मोटरला हात लावून बघा, फरक तळव्याला कळतो. ताकद मात्र सहाव्या भागाने कमी मिळेल, ती सोडून द्यायची.

उलट दिशेने, ५० हर्ट्‌झची मोटर ६० वर, उष्णतेची भीती कमी पण वेग २० टक्के जास्त. बेंच ग्राइंडर असेल तर चाकावर छापलेली कमाल गती आधी बघा. कॉम्प्रेसर असेल तर मोटरवरची पुली सहाव्या भागाने लहान करा, १२० मिलिमीटरची असेल तर १००. पट्टा वेगळ्या लांबीचा लागेल.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) लावून हर्ट्‌झच बदलता येतात, पण ते थ्री फेज मोटरचं काम. कपॅसिटरच्या सिंगल फेज मोटरला व्हीएफडी लावू नका, कपॅसिटर आणि सुरुवातीचं वाइंडिंग दोन्ही जातील.

एक गोष्ट विसरायला नको. २३० व्होल्टची इंडक्शन मोटर १२० वर ‘चालते का बघू’ म्हणून लावली तर ती फिरत नाही, नुसती गुरगुरते. गुरगुरणारी मोटर म्हणजे अडकलेली मोटर, आणि अडकलेली मोटर मिनिटा-दोन मिनिटांत जळते. आवाज आला आणि फिरली नाही, तर लगेच बंद.

*इलेक्ट्रॉनिक्स आणि चार्जर.* मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरनी आपल्याला सवय लावली आहे की चार्जर कुठेही चालतो. बॅटरीच्या ड्रिलचा चार्जर पुष्कळदा चालत नाही, तो एकाच व्होल्टेजचा असतो. १२० व्होल्टच्या चार्जरमध्ये वीज आधी सरळ करून कपॅसिटरमध्ये साठवतात, तेव्हा ती सुमारे १७० व्होल्टला पोचते, म्हणून कपॅसिटर २०० व्होल्टचा टाकतात. २३० लावलं की तिथे ३२५ व्होल्ट येतात. ठप्प असा आवाज, कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, आतून कागदाचा लगदा बाहेर. बॅटरीला काही होत नाही, त्यामुळे यावर सरळ उपाय आहे: त्याच बॅटरीचा स्थानिक व्होल्टेजचा चार्जर घ्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीतच पडू नका. मला विचाराल तर परदेशातून हत्यार आणायचंच असेल तर बॅटरीचं आणावं.

काही जुन्या पॉवर सप्लायला मागे ११५/२३० असा लाल खटका असतो. तो ११५ वर असताना २३० ची वीज दिली तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट व्होल्टेज चढतं. जोडण्याआधी खटका बघा, जोडल्यावर नाही.

पायरी ३: ट्रान्सफॉर्मर निवडा

बाजारात ‘कन्व्हर्टर’ म्हणून मुठीत मावणारी हलकी डबी मिळते, वर १६०० वॅट लिहिलेलं असतं. ती ट्रान्सफॉर्मर नसते. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच विजेची लाट कापतो आणि सरासरी खाली आणतो. साध्या हीटरला चालतं, पण मोटर आणि इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल यांना ती कापलेली लाट सोसत नाही. पारख वजनावरून करा: १६०० वॅटचा खरा ट्रान्सफॉर्मर लोखंडाने आणि तांब्याने भरलेला असतो, उचलताना कंबर आठवते.

क्षमता काढायची ती पाटीवरच्या आकड्यांवरून. १० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १२०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). ब्रशच्या मोटरसाठी याच्या दीडपट ते दुप्पट घ्या, इंडक्शन मोटरसाठी तिप्पट, कारण ती सुरू होताना पाच ते सात पट करंट ओढते. ‘सलग’ क्षमता आणि ‘अधूनमधून’ क्षमता यांत फरक असतो. ब्रिटनमध्ये बांधकामावर वापरतात त्या पिवळ्या ट्रान्सफॉर्मरवर ३.३ केव्हीए लिहिलेलं असतं, पण सलग चालवायला त्याच्या साधारण निम्मेच धरायचे. ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्‌झसाठीच बनवलेला असेल तर ५० वर तोही भरून जातो आणि तापतो. त्याच्या पाटीवरही ५० हर्ट्‌झ दिसले पाहिजेत.

आता प्रकार. स्वस्त मिळतो तो बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर. त्यात एकच वाइंडिंग असतं आणि बाहेर येणारी तार आत जाणाऱ्या तारेशी थेट जोडलेली असते. वापरता येतो, पण दोन खोड्या लक्षात ठेवा. पहिली: प्लग उलटा लागला, म्हणजे फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर बाहेरच्या दोन तारांमध्ये १२० च भरतात, पण जी तार ‘न्यूट्रल’ म्हणून हत्यारात गेली ती जमिनीच्या मानाने २३० वर असते. हत्यार व्यवस्थित चालतं, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. दुसरी: खालचं वाइंडिंग तुटलं तर अख्खे २३० व्होल्ट हत्याराकडे जायला वाट मोकळी होते.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंग वेगळी असतात, मध्ये तारेचा संबंध नाही. जड, महाग, आणि धातूच्या बॉडीच्या किंवा ओल्या जागी वापरायच्या हत्यारासाठी मी दुसरं काही घेणार नाही. फक्त याच्या मागे, लाइनच्या बाजूला लावलेला आरसीसीबी (विजेची गळती दिसली की लाइन तोडणारा खटका) पुढची गळती पाहूच शकत नाही, कारण गळणारा करंट परत त्याच वाइंडिंगकडे जातो, मुख्य लाइनकडे नाही. पहिला दोष गुपचूप राहतो आणि दुसऱ्या हत्यारात दुसरा दोष निघाला की झटका बसतो. म्हणून अर्थला न जोडलेल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर एका वेळी एकच हत्यार.

त्या पिवळ्या ब्रिटिश ट्रान्सफॉर्मरमध्ये यावर छान युक्ती आहे. ११० व्होल्टच्या वाइंडिंगचा बरोबर मध्यबिंदू अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे कुठलीही तार जमिनीच्या मानाने फक्त ५५ व्होल्टवर. केबल कापली गेली तरी माणूस बहुधा वाचतो. अमेरिकन ब्रशचं ड्रिल याच्यावर व्यवस्थित चालतं, थोडं संथ इतकंच. पण लक्षात असू द्या, या व्यवस्थेत न्यूट्रल नाही, दोन्ही तारा जिवंत.

अमेरिकेत २३० चं हत्यार नेणाऱ्यांची गोष्ट याच धर्तीची. तिथल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून १८०० व्हीएपेक्षा जास्त निघत नाहीत, म्हणजे स्टेप अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर लावूनही २००० वॅटचा मोठा ग्राइंडर नीट चालायचा नाही. त्यापेक्षा घरातच असलेली २४० व्होल्टची लाइन वापरता येते. ती दोन फेज तारांची असते, प्रत्येक १२० वर. हत्याराचा खटका एकच तार तोडत असेल तर बंद केल्यावरही आत वीज शिल्लक असते. पातं बदलण्याआधी प्लग काढायचाच. अशी लाइन काढून घेण्याचं काम तिथल्या परवानाधारक वायरमनचं.

पायरी ४: वायर, रंग आणि लांबी

रंगांवर विश्वास ठेवून जोडणी करू नका. अमेरिकन केबलमध्ये काळी तार फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. जुन्या ब्रिटिश पद्धतीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आताच्या युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे ‘काळी म्हणजे न्यूट्रल’ हे डोक्यात बसलेला माणूस अमेरिकन हत्यार उघडतो तेव्हा जिवंत तारेला न्यूट्रल समजतो. मल्टीमीटर लावून प्लगच्या पिनपासून आतल्या टोकापर्यंत तार कुठे जाते ते बघा.

एक्स्टेन्शन ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या बाजूला लावायचं? २३० च्या बाजूला, नेहमी. १.५ चौरस मिलिमीटरची ३० मीटर केबल, जाऊन-येऊन सुमारे ०.८ ओहम. १५६० वॅटची करवत १२० वर १३ अँपिअर घेते, केबल त्या बाजूला असेल तर साडेदहा व्होल्ट वाटेतच गळतात, जवळजवळ नऊ टक्के. तीच केबल २३० च्या बाजूला असेल तर करंट ६.८ अँपिअर, गळती साडेपाच व्होल्टच्या आत, अडीच टक्केही नाही. ट्रान्सफॉर्मर हत्याराजवळ न्या. आणि रिळावरची केबल पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

पायरी ५: जोडण्याआधी पाच मिनिटं

हत्याराचा प्लग सुटा ठेवून मल्टीमीटर ओहमवर लावा. धातूची बॉडी आणि अर्थची पिन यांच्यात जवळपास शून्य यायला हवं. बॉडी आणि बाकीच्या दोन पिना यांच्यात काहीच दाखवायला नको, खटका दाबून धरला तरी. अर्थिंगवाल्या हत्याराचं पहिलं माप चुकलं तर ते वापरू नका. दुसरं चुकलं तर कुठलंच नाही.

मग ट्रान्सफॉर्मर एकटा लाइनला जोडा, हत्याराशिवाय. बाहेर १२० ऐवजी १२५-१२८ दिसले तर घाबरू नका, भार नसताना थोडं जास्त दिसतंच. २३० दिसले तर लगेच काढा. मोठा ट्रान्सफॉर्मर लावताक्षणी एमसीबी पडत असेल तर तो सुरुवातीच्या झटक्याचा परिणाम असू शकतो. त्याला ‘सी’ प्रकारचा, म्हणजे असा झटका सोसणारा एमसीबी लागतो. नुसता जास्त अँपिअरचा बसवून वेळ मारून नेऊ नका, वायरिंग त्या अँपिअरचं नसतं.

पायरी ६: पहिली सुरुवात

बिट, पातं, डिस्क काढून टाका. गार्ड असू द्या. हत्यार टेबलाला आवळा किंवा दोन्ही हातांनी धरा, चेहरा बाजूला. दोन सेकंद चालू करून बंद करा. आवाज एका पट्टीवर येऊन थांबला का? ब्रशपाशी ठिणग्या बारीक आहेत का? वास? सगळं ठीक असेल तर एक मिनिट चालवा, मग हात लावून बघा. रिकामी फिरताना मिनिटभरात हात भाजेल इतकी मोटर तापली तर काहीतरी चुकलंय, बहुधा हर्ट्‌झ. पंधरा मिनिटांच्या खऱ्या कामानंतर ट्रान्सफॉर्मरलाही हात लावा. कोमट चालेल, हात टेकवता येत नसेल तर तो लहान पडतोय.

हत्यार नीट चालायला लागलं की मोह होतो तो मूळ प्लग कापून इथला लावण्याचा, म्हणजे दिसायला एकसारखं. तो मोह आवरा. १२० च्या हत्याराला त्याचाच परदेशी प्लग राहू द्या, तो २३० च्या सॉकेटमध्ये बसत नाही हेच त्याचं काम आहे. ट्रान्सफॉर्मरवर तसंच सॉकेट असेल असा बघून घ्या, वायरवर प्लगपासून चार बोटांवर पिवळी टेप गुंडाळून व्होल्टेज लिहा, आणि वर्कशॉपमध्ये जेवढे पिना जुळवणारे अडॅप्टर पडले असतील तेवढे मोबाईल चार्जरच्या ड्रॉवरमध्ये नेऊन टाका. माझा राउटर आता आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) बदलून पुन्हा चालतो, आणि त्याचा प्लग अजून दोन चपट्या पिनांचाच आहे.